हिरवा जांभा

माझं आजोळ देवगड तालुक्यात. मे महिन्यात एसटीतून उतरलं की पायाखाली जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा कातळमाळ, लागायचा आणि घर येईपर्यंत पांढरे मोजे विटकरी झालेले असायचे. सोडा घालून उकळले तरी त्यांतली तांबडी माती पुरती कधी गेली नाही. म्हणून १९८६ साली, देहरादूनच्या प्रशिक्षणवर्गात, उजेडाच्या टेबलावर कोकण किनाऱ्याचं उपग्रहचित्र पहिल्यांदा पसरलं तेव्हा मी सगळ्यांत आधी तो सडा शोधला. खाडीच्या वळणावरून गाव ओळखू आलं. गावाच्या वरच्या अंगाला सडा असायला हवा होता. तिथे पिवळसर हिरवट डाग पसरला होता आणि गावाभोवतीच्या आंब्याच्या बागा भडक लाल दिसत होत्या.

"सर, हे चित्र चुकीचं छापलंय," मी म्हटलं.

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते बंगाली होते. उत्तर हिंदीत आलं. त्याचा मतलब असा, की चित्र चुकलेलं नाही, कुणीतरी ठरवून तसं छापलंय. कुणी ठरवलं, कशासाठी ठरवलं, ते आधी शोधून काढ. दगड त्यानंतर.

ते शोधायला दोन दिवस पुरले. उपग्रह आपल्यासारखा फोटो काढत नाही, तो मोजतो. जमिनीच्या एकेका तुकड्यावरून हिरवा प्रकाश किती परतला, तांबडा किती, आणि तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा निकट-अवरक्त किती. अशा प्रत्येक पट्ट्याचं, म्हणजे बँडचं, एक वेगळं काळंपांढरं चित्र होतं. त्यांतली तीन निवडायची, एकाला तांबडा दिवा, एकाला हिरवा, एकाला निळा द्यायचा आणि तिन्ही एकमेकांवर पाडायची. याला फॉल्स कलर कॉम्पोझिट म्हणतात. आमच्या तोंडी एफसीसी. रिवाज असा की अवरक्त दाखवायचा तांबड्यात, तांबडा हिरव्यात आणि हिरवा निळ्यात. सगळे एकेक घर खाली सरकतात. हिरवं पान अवरक्त प्रकाश भरभरून परतवतं, म्हणून झाडी लाल. जांभ्यातलं लोह निळा-हिरवा प्रकाश गिळतं आणि तांबडा सोडतं. तो तांबडा चित्रात हिरवा होऊन बसतो. अवरक्तही बराच परततो, पण लोह त्यातलाही थोडा खातं. हिरव्या उजेडात जरा कमी तांबडा मिसळला की होतो हिरवट पिवळा. कोकणातली सर्वांत तांबडी माती आमच्या चित्रात हिरवी दिसते ती अशी.

आणि हे ठरवलं कुणी? तर दुसऱ्या महायुद्धात कोडॅकनं बनवलेल्या एका फिल्मनं. तोफांवर हिरव्या रंगाचं कापड टाकलं तर डोळा फसतो, पण रंगवलेलं कापड जिवंत पानासारखा अवरक्त परतवत नाही. त्या फिल्मवर खरी झाडी लाल उमटायची आणि खोटी निळसर. युद्ध संपलं, तोफा गेल्या, झाडं मात्र लालच राहिली. पुढे १९७२ साली पहिला लँडसॅट वर गेला तेव्हा त्याच्या चित्रांनीही तोच पोशाख चढवला. शत्रूच्या तोफा हुडकायचा रिवाज आम्ही दगड हुडकायला वापरत होतो. तो दगडांसाठी मुळात शिवलेलाच नव्हता, हे मला फार उशिरा ध्यानात आलं.

रंगांच्या बाबतीत मी अगदीच कोरी नव्हते. सांगलीला आमचं मॅचिंग सेंटर होतं. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. साडी पिशवीतून बाहेर आली की माझे वडील, अण्णा, नुसत्या नजरेनं रंगाचं नाव सांगायचे: चिंतामणी, मोरपंखी, अंजिरी, वांगी, राणी, आमसुली. दुकानात ट्यूबलाइट होती, आणि तिच्याखाली जुळलेला कपडा अण्णा गिऱ्हाइकाला कधी बांधून देत नसत. "बाहेर उन्हात बघून घ्या," म्हणायचे. बायका दुकानासमोर रस्त्यात उभ्या राहून साडीच्या पदरावर ब्लाउजपीस धरायच्या, आणि दहातल्या दोनतीन तरी परत आत यायच्या. ट्यूबलाइटखाली जुळं वाटलेलं उन्हात सावत्र निघायचं. दोन रंगद्रव्यं वेगळी असली तरी एका उजेडात ती डोळ्याला सारखी दिसू शकतात; उजेड बदलला की बिंग फुटतं. याला मेटामेरिझम म्हणतात हे मला एम.एस्सी.नंतर कळलं. अण्णांना शब्द माहीत नव्हता, पण त्यांचा धंदा त्याच्यावर उभा होता.

देहरादूनच्या प्रयोगशाळेत एक यंत्र होतं. त्याच्या चार भिंगांतून चार बँडच्या फिल्मा एकाच पडद्यावर पाडता येत. प्रत्येकीला हवा तो रंगीत काच-पडदा लावायचा, बटणं फिरवून उजेड कमीजास्त करायचा. तांबड्या उजेडावर हिरवा पडला की पडदा पिवळा व्हायचा. सुट्टीत घरी गेल्यावर अण्णांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. तांबड्या रंगात हिरवा ओतला तर चिखल होतो, पिवळा कसा होईल? मी दोन बॅटऱ्यांना जिलेटिनचे रंगीत कागद बांधून भिंतीवर पिवळा पाडून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे उजेडाची बेरीज, आमच्याकडे वजाबाकी." पाठ्यपुस्तकातली दोन पानं त्यांनी एका वाक्यात संपवली.

तीन दिवे एकावर एक टाकण्याची ही कल्पना जेम्स क्लार्क मॅक्सवेलची. १८६१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यानं एका रंगीत फितीचे तीन रंगगाळण्यांतून काढलेले तीन फोटो तीन रंगांच्या उजेडात एकत्र पाडून दाखवले. रंगीत छायाचित्राची सुरुवात तिथून धरतात. गंमत अशी की त्या काळच्या फोटोच्या काचांना तांबडा प्रकाश दिसतच नव्हता. मग तांबडं उमटलं कसं? शंभर वर्षांनी कोडॅकच्याच माणसांनी उलगडा केला. फितीतला तांबडा रंग अतिनीलही परतवत होता आणि काचेनं पकडला होता तो. तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नसताना, पहिला मानला जाणारा रंगीत फोटोच एफसीसी होता. एफसीसीला कुणी नाक मुरडलं की मी ही गोष्ट सांगते.

अण्णांचं "उन्हात बघून घ्या" मला कामात पहिल्यांदा उपयोगी पडलं ते लँडसॅटच्या सातव्या बँडमुळे. १९८२च्या चौथ्या लँडसॅटपासून थिमॅटिक मॅपर नावाचं उपकरण आलं. सात बँड. पण क्रम पाहिला तर सातवा सहाव्याच्या अलीकडच्या तरंगलांबीचा. रांग मोडून बसलेला. कारण तो मागाहून घातला गेला, भूशास्त्रज्ञांच्या आग्रहानं. सुमारे २.२ मायक्रॉनपाशी चिकणमातीची खनिजं प्रकाश गिळतात आणि आपल्या डोळ्याला त्याचा पत्ता नसतो. पाचव्या बँडच्या आकड्याला सातव्यानं भागलं की चिकणमातीचा भाग उजळून निघतो. कोल्हापूरच्या पश्चिमेकडचे जांभ्याचे माथे मी असे पाहिले तेव्हा सपाट माथ्याच्या कडेकडेनं उजळ गोट लावल्यासारखी रेघ आली. जांभ्याच्या टोपीखाली मुरलेल्या बेसॉल्टची पांढरट-जांभळट माती असते, ती कड्यावर उघडी पडते. मी खूश. प्रत्यक्ष जाऊन पाहिलं तर निम्मा गोट खराच मातीचा निघाला आणि निम्मा करवंदीच्या जाळ्यांचा. पानांतलं पाणीही सातव्या बँडचा प्रकाश खातं, त्यामुळे भागाकारात झुडूपही उजळतं. नवं ऊन मिळालं की नवी फसगतही मिळते.

सहा बँडांतून (सातातला एक उष्णतेचा, तो सोडायचा) तीन निवडायचे २० मार्ग आहेत, आणि निवडलेल्या तिघांना तीन दिवे वाटायचे ६. म्हणजे एका जमिनीची १२० रंगीत चित्रं. कुठलं घ्यायचं? सांख्यिकीनं उत्तर काढायच्या रीती आहेत, आम्ही त्या वापरल्याही. पण सरांची शिकवण साधी होती: डोळा बारकावा पाहतो तो मुख्यतः हिरव्यातून, निळ्यातून फारच थोडा. तेव्हा ज्या बँडमध्ये दगडाचा तपशील जास्त, त्याला हिरवा दिवा द्या. हवेतल्या धुरकटीनं मळलेला बँड निळ्यात ढकला, तिथे त्याचा मळकटपणा कुणाला टोचत नाही. आजही नव्या पोरांना मी हे पहिल्या दिवशी सांगते.

सरांनी दिलेली दुसरी गोष्ट म्हणजे एक पोस्टकार्ड. कार्यालयातल्या पंचिंग मशीननं दोन भोकं पाडलेलं कोरं पोस्टकार्ड. मी घाटमाथ्याच्या चित्रावर दोन एककं आखली होती, एक "करडं" आणि एक "हिरवट करडं", आणि दुसऱ्याला वेगळा लाव्हाप्रवाह ठरवून मोकळी झाले होते. सरांनी कार्ड चित्रावर ठेवलं. एका भोकात करडं, दुसऱ्यात हिरवट करडं. भोकांतून दोन्ही हुबेहूब एक. कार्ड उचललं की पुन्हा वेगळी. हिरवट वाटणारा तुकडा दाट जंगलाच्या लालभडक वेढ्यात होता, आणि लालाशेजारचा करडा हिरव्याकडे झुकल्यासारखा दिसतो. पॅरिसच्या गोबेलिन कारखान्यात रंगाईचा प्रमुख असलेल्या शेव्रलला हेच दिसलं होतं. विणकर तक्रार करायचे की काळा रंग फिका आहे. काळा चोख होता, शेजारचे रंग त्याला बिघडवत होते. १८३९ साली त्यानं त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. मातीचा रंग ठरवायच्या मन्सेल पुस्तकात प्रत्येक रंगाच्या चकतीखाली भोक असतं, तेही याचसाठी: माती भोकातून बघायची, शेजाऱ्यांना मध्ये बोलू द्यायचं नाही.

इतकं शिकूनही मी आपटले. ते सांगते.

१९९८ साल. सिंधुदुर्गातल्या एका पट्ट्याचा भूशास्त्रीय नकाशा सुधारायचं काम माझ्याकडे होतं. आपल्या आयआरएस-१सी उपग्रहाची चित्रं आली होती, मार्चअखेरची. आकाश लख्ख, छपाई सुरेख. सिंधुदुर्ग हा कोकणातला अवघड भाग. रायगड-रत्नागिरीत खाली बेसॉल्ट, वर जांभा, एवढ्यावर बरंचसं भागतं. इथे तळाशी धारवाडचे जुनाट खडक, त्यांच्यावर कलादगीचे वालुकाश्म, मग उत्तरेकडून येऊन संपत चाललेला बेसॉल्ट आणि या सगळ्यांच्या डोक्यावर जांभ्याची टोपी. दिसते ती टोपी आणि उतारावरची झाडी. कासार्ड्याकडच्या सिलिका वाळूच्या खाणी तेवढ्या पांढऱ्याशुभ्र चमकतात, बाकी खडक पडद्यामागे. राजस्थानात अरवलीवर काम केलेल्या माझ्या मैत्रिणीला या चित्रांकडे पाहून माझी कीव यायची. तिच्याकडे डोंगरांच्या घड्या उघड्यावाघड्या, रंगाच्या पट्ट्या सरळ मोजाव्यात. माझ्याकडे सगळं लाल.

तर त्या मार्चच्या चित्रात सड्यांच्या हिरवट-पिवळ्या पाठीवर मला काळे डाग दिसले. ठळक, कडा स्पष्ट, तिन्ही बँडमध्ये गडद. चौदा. बेसॉल्टचा उघडा कातळ, म्हणजे आपली काळवत्री, असाच गडद दिसतो. माझ्या डोक्यात लगेच गोष्ट तयार झाली: जांभ्याची टोपी समजतात तेवढी सलग आणि जाड नाही, जागोजाग झिजून तिला खिडक्या पडल्यात आणि खिडक्यांतून खालचा बेसॉल्ट डोकावतोय. पोस्टकार्डसुद्धा लावून पाहिलं, डाग काळे ते काळेच. मी टिपण लिहिलं. सात पानी. वरिष्ठांना आवडलं, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात जीप, हातोडा आणि टोपोशीट घेऊन मी पहिल्या डागावर पोचले.

दुपारची दीड-दोनची वेळ असेल. सडा तापून निघालेला. डाग होता, चित्रात होता तिथेच होता. काळाही होता. मी वाकून हातोडा मारला तो तांबड्या जांभ्यावर. भोवती बोटबोट उंचीची जळकी खुंटं, बुटाला काजळी. पंचवीस-तीस गुरांमागे एक म्हातारे उभे होते. माझा हातोडा बघून जवळ आले. मी विचारलं, इथे काळा दगड कुठे आहे?

"काळो दगड? ताईनू, हय वणवो लागलेलो, शिमग्याच्या आदी," ते म्हणाले. मग खालच्या घळीकडे काठी रोखली. "काळो दगड बघूचो आसात तर व्हाळात उतरा."

व्हाळात होता. पाण्यानं घासून गुळगुळीत झालेला, चित्रात एका ठिपक्याएवढाही न मावणारा.

आम्ही चौदाच्या चौदा डाग फिरलो. सहा दिवस लागले. अकरा वणव्याचे निघाले. तीन ठिकाणी खरा दगड होता, तिन्ही घळींच्या तोंडाशी. संध्याकाळी विश्रामगृहात चित्र पुन्हा पसरलं आणि जे आधी दिसायला हवं होतं ते तेव्हा दिसलं. अकरा डागांची एक बाजू सरळसोट होती. आग गडग्यापाशी किंवा बैलगाडीच्या वाटेपाशी येऊन थांबली होती. बेसॉल्ट काही कुणाचा गडगा बघून थांबत नाही. आणि डागांच्या जिभा सगळ्या पूर्वेकडे लांबलेल्या, कारण दुपारी वारा समुद्रावरून येतो. चित्रात सगळं लिहिलेलं होतं. मी रंगावर भाळले आणि आकार वाचलाच नाही. खरं सांगायचं तर नवा शोध लावायची घाई झाली होती, आणि घाईला काळा रंग पुरेसा झाला.

सात पानी टिपण मागे घेतलं. वरिष्ठ समजूतदार होते, पण पुढची दोनेक वर्षं कचेरीत कुठल्याही गडद डागाला "बाईंची काळवत्री" म्हणत. माझी तक्रार नाही. तेव्हापासून कुठल्याही सड्याची मी दोन चित्रं मागवते, डिसेंबरचं आणि एप्रिलचं. दोन्हींत टिकतो तो दगड असण्याची आशा. एकातच दिसतो तो गवताचा, आगीचा, नांगरटीचा कारभार.

घोटाळ्यांची यादी वाढवत नाही. मात्र एक नोंदवते, कारण ते अजून घडताना पाहते. वेगवेगळ्या तारखांच्या दोन चित्रांची छपाई जुळली नाही की जोडावर रंग तुटतो. उपग्रह उत्तर-दक्षिण जरा तिरका उतरतो, म्हणून चित्राची कडाही तिरकी असते. एका तरुण सहकाऱ्यानं त्या कडेवरून शंभरेक किलोमीटर लांबीची प्रस्तरभंगाची रेषा आखली होती. अगदी पट्टीनं मारल्यासारखी. मी त्याला रागावले नाही, वणव्याची गोष्ट सांगितली.

नंतरची काही वर्षं धुळे-नंदुरबारकडे गेली. तिथे रंगाचा जवळजवळ काहीच उपयोग नाही. लाव्हाच्या थरांतून उभ्या भेगा पडल्या, त्यांत पुन्हा लाव्हा भरला आणि थिजला. अशा शेकडो भिंती, डाइक, त्या भागात साधारण पूर्व-पश्चिम दिशेनं धावतात. भिंतही काळी, भोवतालचा दगडही काळा, एकाच कुळातला. ओळखायचं ते आकारावरून आणि सावलीवरून. पण सावलीचाही एक घात आहे. आपले उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमाराला डोक्यावरून जातात, तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो. चित्र उत्तर वर करून धरलं की उजेड खालून आल्यासारखा होतो. आपल्या डोळ्याला जन्मापासून सवय उजेड वरून येण्याची. तो मुकाट्यानं हिशेब उलटवतो आणि डोंगर दरीसारखे, दऱ्या डोंगरासारख्या दिसू लागतात. हिवाळ्याच्या चित्रांत, सूर्य खाली असताना, हे फार होतं. उपाय एकच: चित्र उलटं धरायचं, दक्षिण वर.

साक्रीच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर मी असंच चित्र धरून बसले होते. आमचे ड्रायव्हर भाऊ बराच वेळ चुळबुळत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "मॅडम, नकाशा उलटा धरलाय तुम्ही. नावं बघा की खाली डोकं करून." मी त्यांच्या हातात दिला आणि दोन्हीकडून बघायला सांगितलं. सुलटा धरला तेव्हा ते म्हणाले, हा कालवा आहे, लांबच लांब. उलटा केल्यावर एकदम गप्प झाले, मग समोरच्या माळावरच्या काळ्या धारेकडे बोट केलं. "ही भिंत ती?" हीच भिंत ती. पुढच्या महिनाभरात त्यांनी माझ्याआधी किती डाइक दाखवले याची मोजदाद नाही. एक तर त्यांनी झाडांवरून ओळखला: माळावर एका रेषेत उभी बाभळीची रांग. भिंत जमिनीखालचं पाणी अडवते आणि वरच्या अंगाला झाड तग धरतं. चित्रात ती बारीक लाल रेघ मी ओढ्याची समजले होते.

देशावरचं एप्रिलचं चित्र मला अजूनही सर्वांत जास्त आवडतं. पिकं निघालेली, जमीन उघडी. काळ्या मातीचा निळसर गडद विस्तार आणि त्यात विखुरलेले फिकट, पांढुरके ठिपके. ते ठिपके म्हणजे गावठाणं, पिढ्यान्‌पिढ्यांच्या राखेची, पडक्या भिंतींची माती. आपल्या जुन्या कागदपत्रांत गावाची जमीन "काळी" आणि वस्तीची जागा "पांढरी". उपग्रह नव्हता तेव्हाही या मुलखाची सूची रंगानंच लिहिलेली होती, आणि ती एफसीसीत तशीच्या तशी उमटते. जांभ्याचा हिरवा झाला, आंब्याचा लाल झाला, पण काळी काळीच आणि पांढरी पांढरीच. याचं कारण साधं आहे: काळं सगळ्याच पट्ट्यांत प्रकाश गिळतं आणि पांढरं सगळ्याच पट्ट्यांत परतवतं, मग दिवे कसेही वाटा. तरी ते पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीतून उठून शेजारच्या खोलीतल्या माणसाला बोलावून आणलं होतं.

१९८८ साली आपला पहिला आयआरएस-१ए बैकानूरहून गेला तेव्हा त्याच्या लिस-१ कॅमेऱ्याचा एक ठिपका ७२.५ मीटर बाजूचा होता. गुंठ्यात सांगायचं तर ५२ गुंठे, सव्वा एकराहून जास्त. त्या ठिपक्यात विहीर, बांध, झाड, पायवाट सगळं कालवून एकच रंग. लँडसॅटचा ३० मीटरचा ठिपका नऊ गुंठ्यांचा. माझ्या वणव्याच्या चित्राचा साडेपाच गुंठ्यांचा. आज युरोपच्या सेंटिनेल-२चा ठिपका १० मीटर बाजूचा आहे, म्हणजे जवळजवळ बरोब्बर एक गुंठा, आणि ही चित्रं कुणालाही फुकट मिळतात. मी सरकारी खात्याच्या परवानग्या घेऊन, हैदराबादला पत्रं लिहून, महिनोन्‌महिने ज्यांची वाट पाहिली ती आता शाळकरी मुलाच्या फोनवर येतात. नकाशे बनवायचं बरंच काम संगणकच करतो. तोही काळे डाग बेसॉल्टमध्ये टाकतो, हे मी दोनदा पकडलंय.

तर तुमच्या सातबाऱ्यावरची जमीन एकदा या चित्रात बघा. अवरक्त तांबड्यात टाकलेलं चित्र निवडा. एक डिसेंबरचं घ्या, एक एप्रिलचं. पडद्यावर दोन भोकांचं पोस्टकार्ड धरा, पोस्टकार्ड नसेल तर लग्नपत्रिकेचा पुठ्ठा चालेल. चित्र एकदा उलटंही करून पाहा. आणि एप्रिलच्या चित्रात काळा डाग दिसला, तर त्याला नाव देण्याआधी गुरं राखणाऱ्या कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारा, की शिमग्याच्या आधी तिथे काय झालं होतं.